इंटरसेक्शनॅलिटी आणि चळवळी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्यकर्त्यांच्या शिबिरांत हा विषय मी गेली काही वर्षं घेते. सत्र संपलं की आधी चहाच्या टेबलापाशी आणि मग आठवडाभर व्हॉट्सॲपवर तेच ते प्रश्न येत राहतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून हे पान. प्रश्न ज्या शब्दांत आले, बहुतेक त्याच शब्दांत ठेवले आहेत. कुठूनही वाचायला घेतलं तरी चालेल. एखादी गोष्ट दुसरीकडे सांगून झाली असेल तर तिथला आकडा दिला आहे.

१. इंटरसेक्शनॅलिटी म्हणजे नेमकं काय? पुस्तकी व्याख्या नको.

भाकरीच्या पिठात मीठ एकदा मळलं गेलं की ते वेगळं काढून दाखवता येत नाही. जात, वर्ग, लिंग, धर्म, अपंगत्व यांमुळे वाट्याला येणारा अन्याय तसाच एकमेकांत मुरलेला असतो. पण कायदा, सरकारी योजना आणि खुद्द चळवळीही मीठ वेगळं काढून मागतात : बाई म्हणून आली आहेस की दलित म्हणून, ते आधी सांग. ज्यांना हे सांगता येत नाही त्या माणसांची तक्रार कुठल्याच खिडकीवर घेतली जात नाही. ती खिडक्यांमधली फट दाखवणारी ही कल्पना.

२. याला मराठी शब्द नाही का?

आहेत. विद्यापीठांतली मंडळी ‘आंतरछेदिता’, ‘आंतरछेदितता’ असं लिहितात. शिबिरात मी हा शब्द एकदाच उच्चारून पाहिला. पहिल्या रांगेतल्या आशाताईंना वाटलं की कुठल्या तरी ऑपरेशनबद्दल बोलणं चाललंय. तेव्हापासून मी ‘चौक’ म्हणते, कारण मूळ उपमाही चौकाचीच आहे (प्रश्न ३ पाहा). या पानावर मात्र सगळे वापरतात तो इंग्रजी शब्दच ठेवला आहे.

३. ही कल्पना आली कुठून?

एका कोर्टाच्या निकालातून. अमेरिकेत सेंट लुईस इथे पाच कृष्णवर्णीय बायकांनी जनरल मोटर्सवर दावा लावला होता. १९६४ पूर्वी कंपनीने काळ्या बायकांना कामावर घेतलंच नव्हतं. पुढे मंदी आली आणि ‘शेवटी आला तो आधी बाहेर’ या नियमाने कपात झाली. १९७० नंतर लागलेल्या सगळ्या काळ्या बायका एका झटक्यात घरी बसल्या. १९७६ मध्ये निकाल आला. न्यायालयाचं म्हणणं असं : कंपनी बायकांना घेत होती, म्हणून बाई म्हणून भेदभाव झालेला नाही. त्या बायका गोऱ्या होत्या, हे गैरलागू. वंशभेदाची तक्रार असेल तर ती काळ्या कामगारांच्या दुसऱ्या दाव्यात मिळवा. दोन्ही तक्रारी जोडायला न्यायालयाने नकार दिला. असं जोडत बसलो तर पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन करून नवनवे गट निघत राहतील, ही भीतीही निकालात नोंदवली आहे.

किंबर्ली क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापक. त्यांनी १९८९ च्या निबंधात हा निकाल उलगडून दाखवला आणि चौकाची उपमा दिली. चौकात चारही बाजूंनी गाड्या येतात. मधोमध उभ्या असलेल्या बाईला कधी एक गाडी धडकते, कधी दोन. आता जखमीसाठी रुग्णवाहिका बोलवायची, तर आधी कुठल्या ड्रायव्हरने उडवलं ते सिद्ध करा, असं कोर्टाचं म्हणणं. शब्द तिथून रूढ झाला. विचार त्याआधीचा आहे. बोस्टनच्या काळ्या स्त्रीवाद्यांच्या कोंबाही रिव्हर कलेक्टिव्ह या गटाने १९७७ च्या निवेदनात हेच मांडलं होतं.

४. म्हणजे ही अमेरिकेतून आणलेली कल्पना. आपल्याकडे तिचं काय काम?

हा प्रश्न बहुतेक वेळा मागच्या रांगेतून येतो, आणि मला आवडतो.

फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला. तिने त्यात मांग-महारांच्या हालांबद्दल तर लिहिलंच, पण आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडी-वाऱ्यात त्यांचं काय होत असेल, हेही विचारलं. जात आणि बाळंतपण एकाच वाक्यात. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी सांगितलं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या त्यासाठीच्या युक्त्या आहेत. म्हणजे बाईवरचा पहारा काढला तर जात टिकत नाही. आणि जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. तिथले ठराव जरूर वाचा. घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला बंदी यांच्या शेजारीच गिरण्यांतल्या आणि विडी कारखान्यांतल्या बायकांना रजा मिळावी, ही मागणी आहे. लिंग, जात, वर्ग असे वेगळे कप्पे त्या बायकांनी केले नाहीत, कारण त्यांच्या दिवसात ते कप्पे नव्हतेच.

तिकडून आपणही घेतलं, हेही खरं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर पक्षाचं नाव घेऊन. तिच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात ‘दलित’ या शब्दात अनुसूचित जाती-जमाती आणि नवबौद्धांसोबत कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रिया आल्या. (संघटनेत स्त्रिया किती आल्या, हा प्रश्न वेगळा आणि अवघड.) योगायोग बघा, क्रेनशॉ यांचा निबंध आला त्याच १९८९ साली मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ प्रसिद्ध झालं. त्या पुस्तकासाठी दोघी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधत गावोगाव हिंडल्या होत्या.

५. दलित बाईवर दुप्पट अन्याय होतो, एवढंच ना? मग सरळ ‘दुहेरी शोषण’ म्हणा की.

दुहेरी म्हटलं की बेरीज डोळ्यांसमोर येते, जातीचा एक घाव आणि बाईपणाचा एक. चौकात नुसती बेरीज होत नाही, तिथे अन्यायाचा प्रकारच बदलतो.

ऊसतोडीचं उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातून दर हंगामात लाखो माणसं तोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि बहुतेक वेळा हातात घेतो तो नवरा. बाई पहाटे उठून भाकरी थापते, मग ऊस सोलते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरला लागलेल्या फळीवरून वर चढते. एक दिवस कामाला नाही गेली तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. फडात ना आडोसा, ना पाणी. अंगावरून जायला लागलं की गावातला डॉक्टर पिशवी काढून टाकायचा सल्ला देतो. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीसाठी बीडमधल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं.

हे कामगार प्रश्नात बसवा. पुरुष ऊसतोड्याच्या वाट्याला हे येत नाही. स्त्री-आरोग्यात बसवा, तर पुण्यातल्या बँकेतल्या बाईच्या वाट्याला येत नाही. वर्ग, जात आणि देह जिथे मिळतात तिथेच हा प्रश्न जन्मतो, म्हणून वर्षानुवर्षं कामगार संघटनेच्या मागणीपत्रकातही तो नव्हता आणि शहरी स्त्री-चळवळीच्या यादीतही नव्हता.

६. याकडे दुर्लक्ष केलं तर चळवळीचं बिघडतं काय? मागणी तर मान्य होते.

होते, पण काहींसाठी. ३ मार्च १९१३ रोजी वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी मोठा मोर्चा निघाला. दक्षिणेतल्या गोऱ्या बायका नाराज होतील म्हणून काळ्या बायकांनी शेवटी चालावं, असं ठरलं. पत्रकार आयडा बी. वेल्स यांना तसं सांगितलं गेलं. त्या बाजूला थांबल्या आणि इलिनॉय राज्याची तुकडी आली तशा तिच्यात शिरून चालू लागल्या. १९२० मध्ये घटनादुरुस्ती झाली आणि अमेरिकेत ‘स्त्रियांना’ मत मिळालं. दक्षिणेतल्या बहुसंख्य काळ्या बायकांना ते प्रत्यक्ष मिळायला १९६५ चा कायदा यावा लागला. ऑस्ट्रेलियातही तेच. १९०२ मध्ये स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मत, पण बहुतेक आदिवासींना, बाया-पुरुष सगळ्यांना, ते १९६२ पर्यंत नाही. मागणीपत्रावर ‘सर्व’ लिहिलेलं असतं. ते लिहिताना डोळ्यांपुढे कोण होतं, ते नंतर कळतं.

७. उलट उदाहरण आहे का? वेगवेगळे लोक एकत्र आले आणि जिंकले असं?

माझं लाडकं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचं. १९७३ च्या कायद्यातल्या ५०४ व्या कलमाने सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांना अपंगांशी भेदभाव करायला मनाई केली होती. कायदा झाला, पण नियमांवर सहीच होईना. एप्रिल १९७७ मध्ये शंभराहून जास्त अपंग माणसं तिथल्या केंद्रीय सरकारी इमारतीत घुसली आणि तिथेच राहिली. व्हीलचेअरवरचे, अंध, कर्णबधिर, स्वतःहून कूसही बदलता न येणारे. फोन तोडले तर कर्णबधिर कार्यकर्ते खिडकीतून खाणाखुणांच्या भाषेत बाहेर निरोप पोचवायचे. आणि रोज गरम जेवण कुठून यायचं? ब्लॅक पँथर पक्षाकडून. ब्रॅड लोमॅक्स हा पँथरचा कार्यकर्ता स्वतः व्हीलचेअरवर होता आणि आत बसलेला होता. चौकात उभा असलेला माणूस दोन चळवळींना असा जोडून देतो. काही आंदोलक वॉशिंग्टनला गेले, तिथे त्यांना फिरवायला ट्रक दिला यंत्र-कामगारांच्या युनियनने. २८ एप्रिलला सही झाली.

दुसरं ब्रिटनचं. १९८४-८५ च्या खाण कामगारांच्या संपात लंडनमधल्या समलिंगी तरुण-तरुणींनी डबे फिरवून पैसा गोळा केला आणि वेल्समधल्या डुलाइस खोऱ्यात पोचवला. संप हरला. पण १९८५ च्या लंडन प्राइड या समलिंगींच्या मोर्चात खाण कामगार आपला बॅनर घेऊन आले, आणि त्याच वर्षी मजूर पक्षाच्या अधिवेशनात समलिंगी हक्कांचा ठराव झाला त्याला खाण कामगार संघटनेची मतं होती.

८. असे प्रश्न काढले की चळवळ फुटते. आधी मोठी लढाई जिंकू, मग घरातलं बघू. चूक आहे का?

हे वाक्य महाराष्ट्राने फार जुन्या काळापासून ऐकलं आहे. १८९५ मध्ये पुण्यात काँग्रेस भरली तेव्हा तिच्याच मांडवात सामाजिक परिषद भरवायची की नाही यावरून रण माजलं आणि परिषदेला मांडव मिळाला नाही. आधी राजकीय, मग सामाजिक. ते ‘मग’ किती लांबलं ते आपण जाणतो.

फुटीची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मी स्वतः संघटना फुटताना पाहिली आहे आणि त्या बैठकीची आठवण अजून पोटात खड्डा पाडते. पण तिथे फूट प्रश्न विचारल्याने पडली नव्हती. तोच प्रश्न चार वर्षं ‘नंतर बघू’ म्हणून टाळला होता. विचारणाऱ्या मुली शेवटी निघून गेल्या.

९. खरा प्रश्न वर्गाचा आहे. बाकी सगळं लक्ष दुसरीकडे वळवणं.

वर्ग वगळला तर उरेल ती इंटरसेक्शनॅलिटी नावालाच (प्रश्न ५ मधला कोयता आठवा). पण कामगार म्हणून सगळे आपोआप एक होतात, असंही घडत नाही. १९७४ मध्ये इंग्लंडात लेस्टरच्या टाइपरायटर कारखान्यात आशियाई कामगारांनी संप केला, तेव्हा त्यांचीच युनियन पाठीशी राहिली नाही. दोनच वर्षांनी लंडनच्या ग्रनविक फोटो कारखान्यात जयाबेन देसाई आणि त्यांच्या सोबतच्या, बहुतेक पूर्व आफ्रिकेतून आलेल्या भारतीय बायका बाहेर पडल्या, तेव्हा गोरे खाण कामगार त्यांच्या दारात उभे राहायला आले. तो संपही १९७८ मध्ये हरला, मोठ्या युनियन नेत्यांनी हात आखडते घेतले. पण चार वर्षांत ‘कामगार’ शब्दात कोण बसतं ते बदललं होतं.

१०. मी ब्राह्मण आहे, पण घरी गरिबी. मग मी शोषक की शोषित?

हा प्रश्न विचारणारा मुलगा रडवेला झाला होता, म्हणून नीट उत्तर देते. गरिबी खरी आहे आणि ती तुझीच आहे. पण गावात पाणी भरताना तुला कुणी अडवलं नाही, खोली भाड्याने बघताना आडनाव ऐकून कुणी गप्प झालं नाही. दोन्ही खरं असू शकतं. एकाच माणसाचं एका रस्त्यावर चालणं सोपं असतं आणि दुसऱ्यावर अवघड. माझंच बघा. मी बाई म्हणून भाषणं देते आणि माझ्या घरी भांड्यांना येणाऱ्या मावशींचा कप बरीच वर्षं वेगळा होता. आईने ठेवला होता, मी बदलला नव्हता. कुणाचं दुःख जास्त, याची गुणपत्रिका लावण्यासाठी ही कल्पना नाही, आणि तशी वापरणाऱ्यांपासून मी चार हात लांब राहते.

११. महिला आरक्षणात ओबीसी बायकांसाठी वेगळा कोटा हवा का? की तो विधेयक अडवण्याचा बहाणा होता?

दोन्ही. १९९६ पासून विधेयक रखडलं आणि कोट्यात कोटा मागणाऱ्या काही पुरुष नेत्यांना मुळात बायकाच नको होत्या, हे उघड होतं. पण मागणाऱ्याचा हेतू वाईट असला म्हणून मागणी वाईट ठरत नाही. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीत लोकसभा-विधानसभांत एक तृतीयांश जागा महिलांना, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांमधल्याही एक तृतीयांश त्यांच्या महिलांना आहेत. ओबीसी महिलांना वेगळ्या नाहीत, कारण त्या सभागृहांत ओबीसींना मुळातच राखीव जागा नाहीत. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींत मात्र ‘ओबीसी महिला’ अशी सोडत आपण कित्येक वर्षं पाहतोय. चौक ओळखणारी यादी गावाला जमते, ती दिल्लीला जमू नये, हे मला पटत नाही.

१२. कोर्ट हे सगळं मानतं का?

हळूहळू. दक्षिण आफ्रिकेत २०१२ मध्ये एक घरकामगार बाई, जिची नजर जवळजवळ गेलेली होती, मालकाच्या पोहण्याच्या तलावात बुडून मेली. कामावरच्या अपघाताच्या भरपाईच्या कायद्यातून घरकामगार वगळलेले होते. २०२० मध्ये तिथल्या संवैधानिक न्यायालयाने ते वगळणं रद्द केलं आणि कारण स्पष्ट दिलं : या कामात बहुतांश काळ्या गरीब बायका आहेत, म्हणून हे वगळणं त्यांच्या वंशावर, लिंगावर आणि वर्गावर एकाच वेळी घाव घालतं.

भारतात एप्रिल २०२१ मध्ये पटन जमाल वली खटल्यात न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. एम. आर. शहा यांनी इंटरसेक्शनॅलिटीवर सविस्तर लिहिलं. पीडित मुलगी अंध आणि अनुसूचित जातीची. बलात्काराची जन्मठेप कायम राहिली. आणि गंमत, म्हणजे क्रूर गंमत, अशी की ॲट्रॉसिटी कायद्याखालची शिक्षा त्याच निकालात रद्द झाली. गुन्हा घडला तेव्हाच्या कलमात ‘जातीच्या कारणावरून’ अशी अट होती आणि तसा वेगळा पुरावा आला नव्हता. पिठातून मीठ काढून दाखवा, हेच पुन्हा. २०१६ पासून ती अट बदलली आहे, आता पीडितेची जात आरोपीला माहीत होती एवढं पुरतं.

ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात दोन कारणांचा एकत्रित भेदभाव मानणारं कलम छापलेलं होतं, पण पुढे वर्षानुवर्षं ते लागूच केलं गेलं नाही.

१३. समाजाचे हक्क आणि त्यातल्या बाईचे हक्क आमनेसामने आले तर?

सगळ्यात अवघड प्रश्न. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत विधान भवनावर गेले. मागणी : तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा. सातच होत्या, आणि त्यांना दोन्हीकडून ऐकावं लागलं. आतले म्हणाले, शत्रूच्या हाती कोलीत देताय. बाहेरचे काही टाळ्या वाजवू लागले ते बायकांसाठी नव्हे, समाजाला झोडपायला मिळालं म्हणून.

कॅनडात असंच. तिथल्या कायद्याने मूलनिवासी बाईने बाहेर लग्न केलं तर तिचं मूलनिवासी असणंच रद्द व्हायचं, पुरुषाचं नाही. सँड्रा लव्हलेस संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपुढे गेल्या, १९८१ मध्ये निर्णय त्यांच्या बाजूने लागला, १९८५ मध्ये कायदा बदलला. त्यांच्याच समाजातले अनेक नेते या बदलाच्या विरोधात होते. गोऱ्या सरकारने आमचा सदस्य कोण ते ठरवू नये, हा त्यांचा मुद्दाही पोकळ नव्हता.

नियम देता येत नाही. मी एवढंच पाहते की मागणी कुणाच्या तोंडून आली आहे. चौकात उभी असलेली बाई मागते आहे, की तिच्या नावाने दुसराच कुणी?

१४. आमची संघटना छोटी आहे, तालुक्याच्या ठिकाणी. सोमवारपासून काय करू?

भाषण ठेवू नका. बैठकीची वेळ बघा. एका तालुक्यातल्या गटाची तक्रार होती की वाड्या-वस्त्यांवरच्या बायका टिकत नाहीत. बैठक संध्याकाळी सहाला, शेवटची एसटी सव्वासातला. त्या बायका पावणेसातला उठायच्या आणि ठराव सातनंतर व्हायचे. कुणी त्यांना वगळलं नव्हतं, वेळापत्रकाने वगळलं. बैठक दुपारी दोनवर आणली.

मग बाकीचं बघा. इतिवृत्त कोण लिहितं, चहा कोण करतं, फोटोत पुढे कोण असतं. हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे का. लहान मूल घेऊन आलेली बाई कुठे बसते. वर्गणीचा आकडा कुणाच्या पगाराकडे बघून ठरला. मागणीपत्रक तयार झालं की प्रत्येक मागणीपुढे लिहा : ही उद्या मान्य झाली तर आपल्यातल्या कुणाला तिचा उपयोग होणार नाही? त्या गटाने पहिल्यांदा हे केलं तेव्हा अकरा मागण्यांपैकी चार पुन्हा लिहाव्या लागल्या. एकीवर अजून भांडण चालू आहे.